जन्मठेपेतून सुटलेल्यांचं पुढे काय झालं, ते एकदा मोजा

प्रति,
मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मा. अपर मुख्य सचिव (गृह),
आणि मुदतपूर्व सुटकेच्या प्रस्तावांवर अभिप्राय लिहिणारे सर्व अधिकारी यांस,

महोदय,

जन्मठेपेच्या कैद्याची फाईल सुटकेच्या विचारासाठी वर जाऊ लागते, तेव्हा तिच्यात एक वाक्य जवळपास ठरलेलं असतं. ‘सदर बंद्यास मुदतपूर्व मुक्त केल्यास त्याच्याकडून पुन्हा गुन्हा घडण्याची शक्यता नाकारता येत नाही.’ शब्द थोडे मागेपुढे होतात. कधी ‘गावात कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण होऊ शकतो’ असं असतं, कधी ‘फिर्यादी पक्षाच्या जिवास धोका संभवतो’. खाली सही, शिक्का, जावक क्रमांक. त्या एका वाक्यापायी माणसाची आणखी काही वर्षं आत जातात.

मी सातारा-सांगली भागात कैद्यांच्या कुटुंबांबरोबर काम करते. मुलांचे शाळेचे दाखले, बायकांची रेशनकार्डं, म्हाताऱ्या आईबापांना मुलाकातीसाठी कळंब्याला नाहीतर येरवड्याला नेणं, अशी ही कामं. सुटून आलेल्यांशीही गाठ पडते. तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. जन्मठेपेतून बाहेर पडलेल्यांपैकी किती जणांनी पुन्हा गंभीर गुन्हा केला, हे शासनाने मोजावं आणि लोकांपुढे ठेवावं. ज्या शक्यतेचा हवाला देऊन माणसं आत ठेवली जातात, ती शक्यता खरोखर किती आहे, ते स्वतःच्याच दप्तरात पाहून सांगावं.

जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं आणि मग सुटका, असा समज अजून गावोगावी आहे. कायदा तसं कधीच म्हणत नव्हता. १९६१ साली गोपाळ विनायक गोडसे यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. शासनाने सूट दिली तरच माणूस बाहेर येणार. चौदाचा आकडा कायद्यात आला १९७८ मध्ये, फौजदारी प्रक्रिया संहितेत ४३३-अ हे कलम घातलं तेव्हा, आणि तो आला कैद्याच्या विरुद्ध बाजूने. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते, त्यात जन्मठेप लागलेल्याला प्रत्यक्ष चौदा वर्षं भोगल्याशिवाय सोडताच येणार नाही, असं ते कलम म्हणतं. १९८० मध्ये मारू राम खटल्यात न्यायालयाने ते वैध ठरवलं आणि आता तेच भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ४७५ व्या क्रमांकावर आहे. पॅरोलवर घालवलेले दिवस या चौदा वर्षांत धरायचे नाहीत, हेही गोव्यातल्या कैद्यांच्या प्रकरणात जानेवारी २०२३ मध्ये ठरलं. म्हणजे राष्ट्रपती-राज्यपालांचा घटनेतला माफीचा अधिकार सोडला, तर चौदा वर्षांच्या अलीकडे कुणाचंच काही चालत नाही, आणि पलीकडचं सगळं तुमच्या हातात आहे. आपल्या राज्यात शासन निर्णयांनी गुन्ह्यांचे वर्ग पाडले आहेत आणि चांगल्या वागणुकीबद्दल मिळणारे माफीचे दिवस धरून वीस, बावीस, चोवीस, सव्वीस अशी वर्षं लावली आहेत. आतली माणसं याला ‘कॅटेगरी लागली’ म्हणतात. कुठली कॅटेगरी लागली यावर पोरीच्या लग्नात बाप मांडवात असणार की नाही, ते ठरतं.

सोडायचं की नाही हे कशावर ठरवायचं, त्याचंही उत्तर दिलेलं आहे. २००० साली लक्ष्मण नस्कर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पाच गोष्टी बघायला सांगितल्या. गुन्हा त्या माणसापुरता होता की साऱ्या समाजाला धक्का देणारा होता, तो पुन्हा घडण्याची शक्यता आहे का, गुन्हा करण्याची ताकद त्या माणसात उरली आहे का, त्याला आणखी आत ठेवून काही साधणार आहे का, आणि घरची परिस्थिती काय आहे. यातले दोन-तीन प्रश्न थेट उद्याबद्दलचे आहेत. त्यांचं उत्तर द्यायचं तर आजवर सुटलेल्यांचं काय झालं हे ठाऊक असायला हवं. एप्रिल २०२२ मध्ये राम चंदर प्रकरणात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने सांगितलं की शिक्षा देणाऱ्या न्यायालयाने सुटकेबाबत मत देताना या पाचही गोष्टींचा विचार करून पुरेशी कारणं लिहावीत. मोघम मत चालणार नाही. न्यायाधीशांच्या मताला जी कसोटी आहे, ती पोलीस ठाण्याच्या अभिप्रायालाही असली पाहिजे, असं मला वाटतं.

या विषयात चंद्रचूड हे नाव त्याआधी एकदा येऊन गेलं आहे. जुन्या भारतीय दंड संहितेत ३०३ हे कलम होतं. जन्मठेप भोगत असलेल्या माणसाने खून केला तर त्याला फाशीच. न्यायाधीशाला दुसरी शिक्षा देण्याची सोयच नव्हती. या माणसाकडे गमावण्यासारखं काही उरलेलं नाही, फाशीखेरीज त्याला धाक कसला, अशी त्यामागची समजूत. १८६० सालच्या कायद्यातली ही समजूत स्वातंत्र्यानंतरही छत्तीस वर्षं टिकली. एप्रिल १९८३ मध्ये मिठू विरुद्ध पंजाब या खटल्यात सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ते कलम घटनाबाह्य ठरवलं. पीठावर न्यायमूर्ती तुळजापूरकरही होते. माणूस जन्मठेपेचा कैदी आहे एवढ्यावरून त्याला बाकीच्यांहून वेगळा काढायचा आणि न्यायाधीशाचे हात बांधायचे, हे त्यांनी मान्य केलं नाही. आता भारतीय न्याय संहितेच्या १०४ व्या कलमात फाशीबरोबर मरेपर्यंत जन्मठेपेचाही पर्याय आहे. ‘जन्मठेपवाला म्हणजे अधिक धोक्याचा’ ही समजूत कायद्याच्या पुस्तकातून चाळीसेक वर्षांपूर्वीच निघाली. जिल्ह्याच्या ठिकाणी लिहिल्या जाणाऱ्या अभिप्रायातून ती अजून निघालेली नाही.

ज्या देशांनी मोजलं, त्यांना काय दिसलं ते सांगते.

ब्रिटनच्या न्याय मंत्रालयाने २०१० च्या सुमारास दिलेल्या आकड्यांनुसार, तुरुंगातून सुटलेल्या एकूण कैद्यांपैकी ४६.९ टक्के पुन्हा गुन्ह्यात सापडले. खुनासाठी सक्तीची जन्मठेप होऊन सुटलेल्यांत हे प्रमाण २.२ टक्के होतं आणि इतर गुन्ह्यांतल्या जन्मठेपवाल्यांत ४.८ टक्के. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने १९९५ पासून पॅरोलवर सोडलेल्या ८६० खुन्यांचा माग स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासकांनी काढला. २०११ च्या त्यांच्या अहवालानुसार नव्या गंभीर गुन्ह्यासाठी तुरुंगात परत गेलेले पाच होते. पुन्हा खून कुणीच केला नव्हता.

यावर कुणीही म्हणेल की ही तर पारखून निवडलेली माणसं, आकडा कमी येणारच. हरकत रास्त आहे. म्हणून मला मेरीलँड राज्याचं उदाहरण जास्त मोलाचं वाटतं. तिथल्या न्यायालयाने २०१२ मध्ये ठरवलं की अनेक दशकांपूर्वीच्या खटल्यांत ज्यूरीला दिलेल्या सूचनाच सदोष होत्या. त्यामुळे जवळपास दोनशे जुने जन्मठेपवाले पुढच्या काही वर्षांत बाहेर आले. त्यांना कुठल्या मंडळाने वर्तन पाहून निवडलं नव्हतं, खटल्यातल्या चुकीने दार उघडलं होतं. सुटताना बहुतेकांनी साठी ओलांडलेली होती. पुन्हा गुन्ह्यात सापडण्याचं त्यांचं प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास राहिलं. पण त्यातली एक गोष्ट तुम्ही नजरेआड करू नये अशी माझी विनंती आहे. या लोकांना नुसतं फाटकाबाहेर सोडून दिलं नव्हतं. तिथल्या विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाने समाजकार्यकर्ते नेमून प्रत्येकाच्या घराची, औषधांची, कागदपत्रांची सोय बघितली होती. ब्रिटनमध्येही जन्मठेपवाला सुटतो तो आयुष्यभराच्या देखरेखीवर, आणि अटी मोडल्या तर त्याला परत आत घेता येतं. आपल्याकडे देखरेखही नाही आणि आधारही नाही. त्यामुळे तिथले आकडे उचलून इथे चिकटवा असं मी म्हणत नाही. इथले काढा म्हणते.

इथले आकडे वेगळे का असतील, याचा मात्र विचार केला पाहिजे, आणि तो करताना मला उलट आशाच वाटते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या नोंदीनुसार २०२२ मध्ये देशात खुनाचे २८,५२२ गुन्हे दाखल झाले. त्यांतल्या ९,९६२ गुन्ह्यांचं कारण ‘वाद’ असं आहे आणि ३,७६१ चं वैयक्तिक वैर. लाभासाठी केलेले खून १,८८४. आमच्या भागात हा ‘वाद’ म्हणजे बहुतेक वेळा बांध, पाण्याची पाळी, वाटणी, सामाईक विहीर. कोयता हातात होता म्हणून चालला. असा माणूस पंचविशी-तिशीत आत जातो आणि पन्नाशीकडे झुकल्यावर बाहेर येतो. ज्याच्याशी वाद होता तो गेलेला, जमीन भावाने कसायला घेतलेली, गुडघे धरलेले. त्याच्या हातून तोच गुन्हा पुन्हा घडायला तीच माणसं, तेच वय आणि तीच घडी परत यावी लागेल. टोळीसाठी सुपारी घेणारा, किंवा लहान मुलांवर पुन्हा पुन्हा अत्याचार करणारा, यांची गोष्ट निराळी आहे आणि त्यांना वेगळं काढायलाच हवं. पण वेगळं काढायचं तर वर्गवार आकडे हातात असावे लागतील.

आणि तुमच्याकडे एक मोठी परीक्षा आधीच होऊन बसली आहे. कोरोनाच्या साथीत, मे २०२० मध्ये नियम बदलून राज्याने शिक्षाबंद्यांना आपत्कालीन पॅरोल दिला. सात वर्षांहून जास्त शिक्षा असलेल्यांसाठी अट होती की आधीच्या दोन सुट्ट्यांवरून ते वेळेत परत आलेले असावेत. त्यात जन्मठेपवालेही होते. मोक्का, देशविघातक कृत्यं, अमली पदार्थ अशा कायद्यांखालचे वगळले होते. पंचेचाळीस दिवसांचा पॅरोल महिन्यामहिन्याने वाढत गेला आणि मे २०२२ मध्ये परत बोलावणं आलं. दोन वर्षं ही माणसं आपापल्या गावात, आपापल्या चाळीत राहिली. टाळेबंदी, हाताला काम नाही, घरात आजारपण, सगळं त्यांनीही काढलं. काही जण परत आले नाहीत, त्यांच्यावर गुन्हे दाखल झाले आणि ते योग्यच झालं. पण बाकीचे कपड्यांची पिशवी घेऊन आपल्या पायांनी जेलच्या फाटकावर आले. त्या दोन वर्षांत या माणसांपैकी किती जणांवर नवा गंभीर गुन्हा दाखल झाला? हा एक तक्ता काढला तरी देशात कुणाकडे नाही एवढी माहिती महाराष्ट्राकडे येईल.

त्याच्या आधीपासूनही परीक्षा चालूच आहे. फर्लो, म्हणजे संचित रजा, आणि पॅरोल यांचे नियम आपल्याकडे १९५९ पासून आहेत. फाईल मंत्रालयात पोचेपर्यंत जन्मठेपेचा माणूस कितीतरी वेळा गावाला जाऊन आलेला असतो. प्रत्येक खेपेची नोंद जेलच्या रजिस्टरात आणि गावच्या पोलीस ठाण्याच्या हजेरीत असते. मला माहीत आहे की एका प्रकरणाने सगळं फिरवलं. वडाळ्यात २०१२ मध्ये एका तरुण वकील मुलीचा इमारतीच्या रखवालदाराने खून केला. जन्मठेप झाली, २०१६ मध्ये तो पॅरोलवर सुटला आणि पसार झाला. २०१७ मध्ये काश्मीरमधून पकडून आणला. मुलीच्या वडिलांवर त्या काळात काय गुजरली असेल, ते मी शब्दांत मांडू शकत नाही. तो पसार झाल्यावर पॅरोलचे नियम कडक झाले. ते व्हावेत की नव्हे यावर माझा वाद नाही. पण पळून जाणं आणि पुन्हा गुन्हा करणं या दोन गोष्टी निराळ्या आहेत. त्यांचे उपाय निराळे आहेत, आणि एका फाईलमधली भीती दुसऱ्या हजार फायलींत जाऊन बसली.

अभिप्राय कसा तयार होतो ते मी एका गावात जवळून पाहिलं. गावाचं आणि ठाण्याचं नाव घेत नाही. हवालदार मोटारसायकलवर आले, ग्रामपंचायतीत बसले. पोलीस पाटलांचा जबाब झाला, दोन शेजाऱ्यांचा झाला. मग मयताच्या भावाला बोलावणं गेलं. तो वैरण टाकून तसाच आला, उभ्या उभ्याच बोलला. ‘‘सोडायचं तर सोडा सायेब. आता भांडाय कोण उरलंय? पर माझ्या बांधावरनं त्यानं जायाचं न्हाई. आन् यात्रंला म्होरं म्होरं करायचं न्हाई. एवढं मातर लिवून घ्या.’’ माझ्या कामात ऐकलेलं हे सगळ्यात शहाणपणाचं बोलणं आहे. त्या माणसाने सूड मागितला नाही की माफीही दिली नाही. आपल्याला काय सोसवेल आणि काय सोसवणार नाही, ते नेमकं सांगितलं. कायद्यातही अटी घालून सुटका करायची तरतूद आहे. नागरिक सुरक्षा संहितेचं ४७३ वं कलम तेच सांगतं. त्याच्या दोन्ही मागण्या अट म्हणून लिहिता आल्या असत्या. नंतर माहिती अधिकारात अहवालाची प्रत मिळाली, तिच्यात लिहिलेलं होतं: ‘फिर्यादी पक्षाचा सुटकेस विरोध आहे.’ यात हवालदारांचा दोष मी म्हणणार नाही. त्यांच्यापुढे छापील नमुना होता आणि त्यात ‘विरोध आहे / नाही’ एवढीच जागा होती.

मयताच्या घरच्यांबद्दल बोलल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. सुटकेचा विचार चालू आहे हे त्यांना सरकारकडून कळायला हवं, गावातल्या कुजबुजीतून नाही. १५ ऑगस्ट २०२२ रोजी गुजरात सरकारने बिल्किस बानो प्रकरणातले अकरा जन्मठेपवाले सोडले. त्यांचं पेढे आणि हार घालून स्वागत झालं. जिच्यावर बलात्कार झाला, जिची लहानगी मुलगी आणि घरची माणसं मारली गेली, तिला सुटकेची बातमी बाहेरून कळली. तो खटला मुंबईत चालला होता, शिक्षा इथल्या न्यायालयाने दिली होती. म्हणून निर्णयाचा अधिकार महाराष्ट्राचा होता, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२४ रोजी ती सुटका रद्द केली. त्या प्रकरणाने सुटकेच्या साऱ्या व्यवस्थेवरचा लोकांचा विश्वास उडाला. बारा-पंधरा वर्षांपूर्वी रागाच्या भरात भावकीतल्या माणसावर वार केलेला शेतमजूर आणि ते अकरा जण लोकांच्या मनात एकाच रांगेत उभे राहिले. आकडे, कारणं आणि पीडितांचं म्हणणं, तिन्ही उघड ठेवल्याखेरीज हा विश्वास परत येणार नाही.

आता सुटल्यानंतरचं. पुन्हा गुन्हा घडतो की नाही हे माझ्या अनुभवात पहिल्या वर्षात ठरतं, आणि त्या वर्षाला कुणी वालीच नाही.

गेल्या काही वर्षांत सुटलेल्यांपैकी एक गृहस्थ जेलच्या सुतारकाम विभागात तयार झालेले. हात असा की रंधा मारलेल्या फळीवर बोट फिरवून कुठे उंच राहिलं ते सांगतील. सरकारी कचेऱ्यांसाठी त्यांनी टेबलं-खुर्च्या केल्या. मजुरी दिवसाला शंभराच्या आतली. बाहेर आले तेव्हा त्यांच्याजवळ ओळख म्हणून एकच ताजा कागद होता, सुटकेचं प्रमाणपत्र, आणि त्यावर ठळक अक्षरांत कलम ३०२. रेशनकार्डावरचं नाव कमी झालेलं. बँकेचं खातं बंद पडलेलं. आधार होतं, पण त्याला जोडलेला मोबाईल नंबर भावाच्या मुलाचा, तो पुण्याला. एमआयडीसीतल्या एका फर्निचरच्या कारखान्यात काम बघून मालकाने लगेच ये म्हटलं. मग ठेकेदाराने पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितला. जन्मठेप भोगलेल्या माणसाला तो दाखला कसा मिळणार? ज्या राज्याने चौकशी करून, अभिप्राय घेऊन, ‘हा माणूस आता सोडण्याजोगा आहे’ असं ठरवलं, त्याच राज्याचा दुसरा कागद त्याला कामावरून परत पाठवतो. आज ते गावातल्या एका गवंड्याच्या हाताखाली सेंट्रिंगच्या फळ्या ठोकतात. कधी काम असतं, कधी नसतं.

मदतीच्या योजना आहेत, हे मी नाकारत नाही. मुक्त बंद्यांच्या पुनर्वसनासाठी महिला व बालविकास विभागाकडे अनुदान आहे, जिल्हा परिविक्षा अधिकारी, म्हणजे प्रोबेशन ऑफिसर, आहेत. राज्य सहकारी बँकेने २०२२ मध्ये येरवड्यातल्या बंद्यांसाठी पन्नास हजारांपर्यंतची ‘जिव्हाळा’ कर्जयोजना सुरू केली, ती मला मनापासून आवडली, कारण तिने आतल्या माणसाच्या मजुरीला पत दिली. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प १९९० पासून तुरुंगांत काम करतो आहे. पण कैदी गृह विभागाचा आणि सुटलेला माणूस महिला व बालविकास विभागाचा, असं असल्यामुळे दोन्हींच्या मधल्या काळात तो कुणाचाच राहत नाही. परिविक्षा अधिकाऱ्याला तो सुटल्याचं कळतं, ते तो स्वतः दारात जाऊन उभा राहिला तरच.

सुटकेआधीच माणूस गावाशी कसा जोडता येतो, ते याच भागात करून दाखवलेलं आहे. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला १९३९ मध्ये औंध संस्थानने भिंतीविना वसाहत काढली. राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि मूळचे पोलंडचे अभियंता मॉरिस फ्रीडमन यांनी खुनातल्या कैद्यांना जमीन कसायला दिली, बायकामुलांना सोबत राहू दिलं. ही वसाहत आजही राज्याच्या कारागृह विभागाखाली आहे. ऐंशीहून जास्त वर्षांत तिथून किती माणसं बाहेर गेली, पुढे कुठे राहिली, काय करतात, याची एक नीट मांडलेली वही असती तर मला हे पत्र लिहावंच लागलं नसतं.

मोजणी अवघड नाही. सुटलेल्यांची नावं, वय, कलम, सुटकेची तारीख तुरुंगांच्या ई-प्रिझन्स या संगणक प्रणालीत आहे. नव्या गुन्ह्यांची नोंद पोलीस ठाण्यांना जोडणाऱ्या सीसीटीएनएस या प्रणालीत आहे. बोटांचे ठसे दोन्हीकडे आहेत. मागच्या दहा वर्षांत सुटलेल्यांची यादी घेऊन एकमेकांशी ताडून पाहायची. सुटल्यापासून पाच वर्षांत नवा गुन्हा दाखल झाला का, कोणता, त्यात शिक्षा झाली का. कॅटेगरीवार, वयावार, बंद कारागृहातून सुटला की खुल्यातून, त्यानुसार. नावं गाळून तो तक्ता दरवर्षी विधिमंडळापुढे ठेवायचा. एक काळजी मात्र घ्या. ही यादी स्थानिक गुन्हे शाखेच्या टेबलावर जाऊ नये. गावात मोटार चोरीला गेली की आधी सुटून आलेल्याला उचलायचं, असं झालं तर मोजणीच नव्या छळाचं कारण बनेल. काम एखाद्या विद्यापीठाकडे सोपवलं तर बरं.

आकडा माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला, तर तोही छापा. कुठल्या वर्गात तो मोठा आहे ते कळलं तर त्या वर्गाला जास्त काळ आत ठेवण्याला निदान आधार तरी मिळेल. आणि लहान निघाला, तर अभिप्रायाच्या नमुन्यातली ती ठरलेली ओळ काढून तिथे तीन रकाने ठेवा: नेमका कोणता धोका, तो कशावरून, आणि कोणती अट घातली तर तो टळेल.

हे आता लांबणीवर टाकता येणार नाही. १८ फेब्रुवारी २०२५ च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की जिथे सुटकेचं धोरण आहे, तिथे पात्र कैद्याने अर्ज केला नसला तरी शासनाने स्वतःहून विचार करायचा. म्हणजे ज्यांना अर्ज लिहायलाही कुणी नव्हतं, अशांच्याही फायली तुमच्यापुढे येणार. त्या प्रत्येक फायलीत कुणीतरी ‘पुन्हा गुन्हा करील का’ या प्रश्नाचं उत्तर लिहिणार आहे.

सुटकेच्या तारखेआधी तीन महिने परिविक्षा अधिकाऱ्याला कळवणं, रेशनकार्ड आणि बँक खातं आत असतानाच सुरू करून देणं, आणि शासनाने सोडलेल्या माणसाला कामासाठी लागणारा एक निराळा दाखला देणं, यांसाठी कायदा बदलावा लागत नाही. एका परिपत्रकाचं काम आहे. मोजणीची सुरुवात आमच्या दोन जिल्ह्यांपासून करायची ठरलीच, तर सुटून आलेल्या माणसांपर्यंत पोचायला मी आणि माझे सहकारी मोबदला न घेता बरोबर येऊ. बहुतेकांची घरं आम्हाला माहीत आहेत, आणि विचारलं तर ती माणसं बोलतात.

आपली विश्वासू,
कैद्यांच्या कुटुंबांसोबत काम करणारी एक कार्यकर्ती, सातारा